नाव झाकून घेतलेली परीक्षा

व्यापाराचा इतिहास आपण बहुधा जहाजे, जकाती आणि तह यांच्या अंगाने वाचतो. वास्तविक व्यापाराचा खरा निकाल लागतो तो दुकानाच्या फळीपाशी. आंबेवाला पेटीतला एक आंबा उचलतो, त्याची फोड कापून गिऱ्हाइकाच्या हातावर ठेवतो आणि तिच्या तोंडाकडे पाहत उभा राहतो. गुळाच्या बाजारात ढेपेचा खडा जिभेवर ठेवल्याशिवाय भाव बोलला जात नाही. शितावरून भाताची परीक्षा करण्याची ही रीत जगभर आहे. परंतु तिच्यात एक अडचण जन्मापासूनच आहे. परीक्षा मांडणारा आणि माल विकणारा हा एकच माणूस असतो. फोड कोणत्या आंब्याची कापावी हे तोच ठरवतो. मग विकणाऱ्याने मांडलेली परीक्षा कधी प्रामाणिक असू शकते काय? आणि असायची तर ती कशामुळे? या प्रश्नाचे उत्तर देणारा एक प्रसंग २४ मे १९७६ रोजी पॅरिस शहरात घडला. वाइनचे किरकोळ दुकान चालवणाऱ्या एका इंग्रज व्यापाऱ्याने तो घडवून आणला. त्याचीच हकीकत आम्ही येथे मांडणार आहोत.

विषय वाइनचा आहे, म्हणून प्रारंभी एक खुलासा करणे इष्ट होईल. १९४९ चा दारूबंदी अधिनियम ज्या प्रांतात झाला, तेथील श्रोत्यांपुढे हा विषय मांडताना थोडा संकोच वाटणे स्वाभाविक आहे. तथापि चाखणे आणि पिणे या दोन अगदी वेगळ्या क्रिया आहेत. धंद्यातला परीक्षक घोटभर वाइन तोंडात घेतो, जिभेवर फिरवतो आणि शेजारच्या भांड्यात थुंकून टाकतो. दिवसाकाठी चाळीस-पन्नास नमुने तपासणाऱ्याला गिळून चालतच नाही. दहाव्या पेल्याला त्याची जीभ आणि विसाव्याला त्याची लेखणी निकामी होईल. चहाच्या लिलावापूर्वी चहाची परीक्षा करणारेही हेच करतात. तेव्हा येथे प्रश्न व्यसनाचा नसून पारखीचा आहे, हे ध्यानात ठेवून पुढे जाऊ.

या प्रसंगाचे महत्त्व समजण्यासाठी फ्रान्समध्ये वाइनच्या नावाला किती वजन होते ते आधी पाहिले पाहिजे. १८५५ साली तिसऱ्या नेपोलियनच्या कारकिर्दीत पॅरिसला मोठे जागतिक प्रदर्शन भरले. त्यासाठी बोर्दो प्रांतातील तांबड्या वाइनची प्रतवारी करावयाची होती. ते काम तेथील दलालांकडे आले. त्यांनी कोणत्या मळ्याच्या मालाला वर्षानुवर्षे काय भाव मिळत आला आहे ते पाहिले आणि त्यावरून मळ्यांच्या पाच श्रेणी लावल्या. एका प्रदर्शनापुरती केलेली ही यादी पुढे वतनासारखी कायम झाली. मळ्याची मालकी बदलली, जमिनीचे तुकडे विकले गेले, नवे जोडले गेले, तरी श्रेणी हलली नाही. पहिल्या श्रेणीत एकच बढती झाली, ती मुतों-रॉथशिल्ड या मळ्याची. आणि तीही १९७३ साली, म्हणजे तब्बल ११८ वर्षांनी. ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ विचारू नये असे आपल्याकडे म्हणतात. फ्रेंच वाइनच्या जगात मात्र आधी कूळच विचारले जाई आणि चव नंतर.

याउलट अमेरिकेतील कॅलिफोर्नियाच्या वाइनला कूळ असे नव्हतेच. तेथे एकोणिसाव्या शतकात द्राक्षमळे उभे राहिले होते, चांगली वाइनही होऊ लागली होती. परंतु १९२० पासून १९३३ पर्यंत अमेरिकेत देशव्यापी दारूबंदी आली आणि तो धंदा मुळापासून हादरला. बंदी उठल्यावरही जाणकार हात आणि जुने मळे एकदम परत आले नाहीत. नापा खोऱ्यात उत्तम वाइन करण्याची जिद्द धरून नवी माणसे खऱ्या अर्थाने येऊ लागली ती १९६० नंतरच्या दशकात. म्हणजे १९७६ साली त्यांच्यापैकी पुष्कळांची कारकीर्द दहा-पंधरा वर्षांचीही नव्हती. युरोपात त्यांची वाइन क्वचितच कोणी चाखली असेल.

या दोन देशांच्या द्राक्षवेलींचे नाते मात्र जुने होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फायलोक्झेरा नावाची, मुळे पोखरणारी बारीक कीड अमेरिकेतून फ्रान्समध्ये आली आणि तेथील मळे उजाड होऊ लागले. अखेर उपाय सापडला तोही अमेरिकेतच. अमेरिकन जातीच्या वेलींची मुळे ही कीड सोसू शकत. म्हणून अमेरिकन खुंटावर फ्रेंच वेलीचे कलम बांधण्याची पद्धत सुरू झाली. आजही फ्रान्समधील बहुतेक थोर वाइन परक्या मुळांवर उभ्या आहेत. आपल्या नाशिक-सांगलीकडील बागाइतदार डॉगरिज या खुंटावर कलम बांधतात, तोही मूळचा अमेरिकनच. कुळाचा अभिमान कितीही बाळगला तरी मातीखाली काय आहे ते माती जाणते.

असो. आता त्या दुकानाकडे वळू. स्टीव्हन स्पर्रिअर हा १९४१ साली इंग्लंडात जन्मलेला गृहस्थ. त्याने लंडनच्या एका जुन्या वाइन-पेढीत उमेदवारी केली आणि १९७० च्या सुमारास तो पॅरिसला आला. तेथे मादलेन चौकाजवळच्या एका बोळात एका वृद्ध बाईचे वाइनचे लहानसे दुकान होते. तिचे मन वळवून त्याने ते विकत घेतले. दुकानाचे नाव ‘ले काव्ह द ला मादलेन’. परक्या इंग्रजाने पॅरिसमध्ये बसून फ्रेंचांना फ्रेंच वाइन विकावी, हे काशीत जाऊन गंगाजल विकण्यासारखेच होते. पण त्याच्या दुकानाची एक रीत त्या काळी तेथे फारशी रूढ नव्हती. गिऱ्हाइकाने बाटली घेण्यापूर्वी ती वाइन चाखून पाहावी असा त्याचा आग्रह असे. चाखायचे कसे हे लोकांना कळत नाही असे दिसल्यावर त्याने १९७३ साली दुकानाला लागूनच ‘आकादेमी द्यु व्हँ’ ही वाइनचे शिक्षण देणारी शाळा काढली. तीत पॅट्रिशिया गॅलघर ही अमेरिकन बाई त्याची सहकारी होती. तेथे येणारी मंडळी प्रथम बहुतांशी पॅरिसमध्ये राहणारी इंग्रजी भाषिक होती. पुढे फ्रेंचही येऊ लागले.

दुकानात चवपरीक्षा मांडणे हे वरवर सोपे वाटते, पण त्याला शिस्त लागते. एका बाटलीत ७५० मिलिलिटर वाइन असते. प्रत्येकाला ५० मिलिलिटर म्हटले तर एका बाटलीत पंधरा माणसे होतात. त्याहून अधिक पाहुणे बोलावले तर बाटल्या दोन, आणि दोन बाटल्यांची चव थोडी निराळी निघाली तर वाद. क्रमही महत्त्वाचा. पांढरी आधी, तांबडी नंतर; हलकी आधी, भारी नंतर; कोरडी आधी, गोड शेवटी. उलट केले तर आधीच्या जड चवीखाली नंतरची नाजूक चव दडपून जाते. पेला वर निमुळता हवा, म्हणजे वास आत कोंडून राहतो. तो एकतृतीयांशाहून अधिक भरू नये. मधून मधून जीभ साफ करण्यासाठी साधा पाव आणि पाणी हवे. खोलीत अत्तर, सिगारेट किंवा फुलांचा दरवळ नको. सर्वांत मोठा नियम बोलण्याचा. प्रत्येकाने आपले मत कागदावर उतरवीपर्यंत कोणी बोलू नये. कारण एखाद्या वडीलधाऱ्याने ‘वा!’ म्हटले की भोवतालच्या दहा जिभा त्याच्या मागोमाग जातात. हे सर्व नियम चवीचे आहेत असे वाटते. किंबहुना ते माणसाच्या मनाचे आहेत.

१९७६ साली अमेरिकेच्या स्वातंत्र्याला दोनशे वर्षे होत होती. त्या स्वातंत्र्ययुद्धात फ्रान्सने अमेरिकेला मोठे साह्य केले होते. तेव्हा या निमित्ताने कॅलिफोर्नियाच्या नव्या वाइन पॅरिसमधील जाणकारांपुढे ठेवाव्यात अशी कल्पना निघाली. हेतू सरळ दुकानदाराचा होता. दुकानाचे आणि शाळेचे नाव व्हावे, चार वर्तमानपत्रांत चर्चा व्हावी. गॅलघरबाई १९७५ साली कॅलिफोर्नियाला जाऊन मळे पाहून आल्या. त्यांच्या माहितीवरून स्पर्रिअर १९७६ च्या वसंतऋतूत स्वतः गेला आणि त्याने सहा शार्दोने व सहा कॅबर्ने सोव्हिन्यों निवडल्या. पहिली पांढऱ्या द्राक्षांची, दुसरी काळ्या द्राक्षांची तांबडी वाइन. आता एवढ्या बाटल्या फ्रान्समध्ये आणावयाच्या कशा? सुदैवाने नापाच्या काही वाइनकर्त्यांची सहल त्याच वेळी फ्रान्सला निघाली होती. त्या प्रवाशांच्या सामानातून त्या बाटल्या विमानाने पॅरिसला आल्या.

येथवर हा बेत निरुपद्रवी होता. परीक्षकांना निमंत्रण गेले तेही केवळ कॅलिफोर्नियाच्या वाइन चाखण्याचे. तसेच झाले असते तर काय घडले असते याची कल्पना करणे अवघड नाही. पाहुण्यांनी सौजन्याने दोन शब्द काढले असते, ‘या नव्या देशाच्या मानाने बरे आहे’ असे म्हटले असते आणि सगळे विसरून गेले असते. हे स्पर्रिअरच्या लक्षात आले असावे. दिवस जवळ आला तेव्हा त्याने दोन गोष्टी ठरवल्या. एक, कॅलिफोर्नियाच्या बरोबरीने त्याच जातीच्या द्राक्षांच्या फ्रेंच वाइन ठेवायच्या: शार्दोनेच्या जोडीला बर्गंडीच्या चार पांढऱ्या, कॅबर्नेच्या जोडीला बोर्दोच्या चार तांबड्या. आणि दुसरी, सगळ्यांची नावे झाकायची. फ्रेंच वाइन त्याने मुद्दाम पडेल अशा घेतल्या नाहीत. तांबड्यांत १९७० सालची मुतों-रॉथशिल्ड होती, त्याच सालची ओ-ब्रियाँ होती. पांढऱ्यांत बाटार-मोंत्राशे होती. कॅलिफोर्नियाने थोडीशी अब्रू राखली तरी पुष्कळ, अशीच त्याची अपेक्षा होती.

परीक्षक नऊ आणि नऊही फ्रेंच. वाइनच्या सरकारी नियामक संस्थेचे अधिकारी पिएर ब्रेझू, वाइनविषयक प्रतिष्ठित नियतकालिकाच्या संपादिका ओदेत कान, बर्गंडीतील सर्वांत नामांकित मळ्याचे भागीदार ओबेर द व्हिलेन, बोर्दोतील एका मळ्याचे मालक पिएर तारी, पॅरिसमधील श्रेष्ठ भोजनगृहांचे चालक आणि वाइन वाढणारे प्रमुख, अशी ही सभा होती. स्पर्रिअर आणि गॅलघर यांनीही चाखून गुण दिले, पण त्यांचे गुण निकालात धरावयाचे नाहीत असे ठरले. विकणाऱ्याने निकालातून स्वतःला वगळले, ही गोष्ट आम्हांला फार अर्थपूर्ण वाटते.

२४ मे रोजी दुपारी पॅरिसच्या इंटरकॉन्टिनेंटल हॉटेलात सगळे जमले. परीक्षकांना तेथेच सांगण्यात आले की नमुन्यांत काही फ्रेंच वाइनही आहेत आणि नावे झाकलेली असतील. कोणी हरकत घेतली नाही. कॅलिफोर्नियाच्या बाटल्यांची घडण फ्रेंच बाटल्यांहून निराळी. ती पाहून ओळख पटू नये म्हणून वाइन दुसऱ्या साध्या बाटल्यांत ओतून ठेवली होती. क्रम चिठ्ठ्या काढून ठरवला होता. प्रत्येक वाइनला रंग, वास, चव आणि एकंदर मेळ यांवरून वीसपैकी गुण द्यायचे. वर्तमानपत्रांना निमंत्रणे गेली होती. आला मात्र एकच बातमीदार, ‘टाइम’ साप्ताहिकाचा जॉर्ज टेबर. त्याच्या हाती क्रमाची यादी होती. परीक्षक कोणती वाइन चाखत आहेत हे त्यांना नव्हे, त्याला ठाऊक होते.

आणि तो जे ऐकत होता त्यावर त्याचा विश्वास बसेना. एका नामांकित परीक्षकाने एक घोट घेतला आणि फ्रान्समध्ये परत आल्यासारखे वाटले म्हणून समाधान व्यक्त केले. त्याच्या पेल्यात नापाची शार्दोने होती. दुसऱ्याने एका पेल्याचा वास घेऊन ही कॅलिफोर्नियाचीच, हिला सुगंध म्हणून नाहीच, असा निर्वाळा दिला. ती बाटार-मोंत्राशे होती, फ्रान्सच्या अभिमानाची. या विद्वानांना वाइन कळत नव्हती असे कोणी समजू नये. त्यांच्या जिभा उत्तम होत्या. त्यांना चांगले आणि सामान्य यांतला फरक कळत होता. मात्र चांगले दिसले की ते फ्रेंचच असणार आणि उणे दिसले की ते परकेच असणार, असे त्यांच्या मनाने आधीच ठरवून टाकले होते. चूक जिभेची नव्हती, गृहीताची होती.

पांढऱ्यांची बेरीज झाली. नऊ परीक्षकांचे मिळून जास्तीत जास्त १८० गुण होत होते. पैकी १३२ गुण मिळवून पहिली आली ती नापामधील शाटो माँटेलिनाची १९७३ ची शार्दोने. दुसरी फ्रेंच मर्सो शार्म, १२६½ गुण. तिसरी आणि चौथी पुन्हा कॅलिफोर्नियाच्या. नऊच्या नऊ फ्रेंच परीक्षकांनी आपला पहिला क्रमांक कॅलिफोर्नियाच्याच कोणत्या ना कोणत्या वाइनला दिला होता. मग तांबड्या आल्या. त्यांत स्टॅग्स लीप वाइन सेलर्सची १९७३ ची कॅबर्ने १२७½ गुणांनी पहिली. मुतों-रॉथशिल्ड १२६ गुणांनी दुसरी. त्यानंतरच्या दोन्ही जागा बोर्दोच्या. १८५५ च्या यादीत नाव नसलेल्या, किंबहुना त्या काळी मळाही नसलेल्या एका वाइनने ही यादी ओलांडली होती.

निकाल ऐकल्यावर सभेत काय झाले असेल ते सांगावयास नको. ओदेत कान यांनी आपली गुणपत्रिका परत मागितली. स्पर्रिअरने ती दिली नाही. या बाईंवर पुढे पुष्कळ टीका झाली. आम्ही मात्र त्यांना दोष देण्याची घाई करणार नाही. ज्या व्यवस्थेवर त्यांच्या साऱ्या आयुष्याचे काम उभे होते ती त्यांच्याच हस्ताक्षराने डळमळली होती. पण नेमकी येथेच त्या कागदाची किंमत कळते. तोंडी बोललेले मत घरी पोहोचेपर्यंत बदलते. नाव कळण्यापूर्वी कागदावर लिहिलेले मत बदलता येत नाही. ‘टाइम’च्या ७ जून १९७६ च्या अंकात टेबरचा छोटासा मजकूर आला. फ्रेंच वर्तमानपत्रे कित्येक आठवडे गप्प राहिली आणि बोलली तेव्हा त्यांनी या परीक्षेला फारशी किंमत दिली नाही. अमेरिकेत मात्र त्या दोन वाइनच्या मागे लोक दुकानोदुकानी फिरू लागले.

आता या परीक्षेतले दोषही सांगितले पाहिजेत; नाहीतर आम्हीही नावालाच भुललो असे होईल. पहिला दोष निवडीचा. कॅलिफोर्नियाच्या सहा आणि फ्रान्सच्या चार. म्हणजे कॅलिफोर्नियाला पहिला येण्याची संधी मुळातच थोडी अधिक होती. दुसरा दोष त्याहून मोठा. पांढऱ्यांचे पेले उचलून तांबड्या मांडावयास वाढप्यांना उशीर होऊ लागला, तेव्हा स्पर्रिअरने मधल्या वेळात पांढऱ्यांचा निकाल जाहीर करून टाकला. परिणामी तांबड्यांच्या वेळी परीक्षक सावध झाले. अमेरिकन वाइन पहिली येऊ द्यायची नाही अशी काहींची वृत्ती झाली असणे संभवनीय आहे. दुकानात अशी बैठक मांडणाऱ्या प्रत्येकाने हा धडा गाठीला बांधावा: शेवटचा पेला संपेपर्यंत एकाही बाटलीचे नाव उघडू नये. तिसरा दोष गणिताचा. १२७½ आणि १२६ यांत अंतर दीड गुणाचे. नऊ माणसांच्या बेरजेत दीड गुण म्हणजे एकाच परीक्षकाची एक लहर. पुढे १९९९ साली अमेरिकेतील दोन अर्थशास्त्रज्ञांनी, ॲशेनफेल्टर आणि क्वांट यांनी, ही गुणपत्रके संख्याशास्त्राच्या कसोटीवर पुन्हा तपासली. एवढ्याशा फरकावरून क्रमांक ठामपणे लावणे धाडसाचे आहे, हे तर साध्या अंकगणितानेही दिसते.

म्हणून ‘अमेरिकेने फ्रान्सला हरवले’ हे जे वाक्य सर्वत्र झाले ते आम्हांला अचूक वाटत नाही. दीड गुणाने कोणी कोणास हरवत नाही. सिद्ध झाले ते एवढेच की ज्या दोन मालांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे असे सारे जग धरून चालले होते, ते अंतर नाव झाकल्यावर देशातल्या उत्तम जिभांनाही सापडले नाही. हे विधान दिसायला लहान आहे. त्याचा परिणाम मात्र मोठा झाला. कॅलिफोर्नियाच्याच काय, पण ऑस्ट्रेलिया, चिली अशा दूरच्या देशांतील वाइनकर्त्यांनाही धीर आला की चांगले काम केले तर कूळ आडवे येणार नाही.

ज्यांनी त्या दोन वाइन केल्या ती माणसेही पाहण्यासारखी आहेत. शाटो माँटेलिनाची वाइन करणारा माइक ग्रगिच मूळचा क्रोएशियातला, १९२३ साली जन्मलेला. तो १९५८ साली अमेरिकेत आला. स्टॅग्स लीपचा संस्थापक वॉरन विनिआर्स्की हा शिकागो विद्यापीठात शिकवणारा विद्वान, पोलिश वंशाचा. पुस्तके बाजूला ठेवून तो १९६४ साली कुटुंबासह नापाला आला आणि दुसऱ्यांच्या तळघरांत राबून धंदा शिकला. त्याची पहिली आलेली वाइन तर अवघ्या तीन वर्षांच्या वेलींची होती. ग्रगिच २०२३ साली आणि विनिआर्स्की २०२४ साली वारले. दोघांच्या वाइनची एकेक बाटली आज वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय संग्रहालयात ठेवलेली आहे.

फ्रेंच पक्षाचा एक आक्षेप मात्र विचार करण्याजोगा होता. बोर्दोची वाइन सावकाश मुरते. १९७६ साली ती कोवळी होती. तीस वर्षांनी पाहा, असे ते म्हणत. तीही परीक्षा झाली. २४ मे २००६ रोजी त्याच तांबड्या वाइन एकाच दिवशी दोन ठिकाणी चाखण्यात आल्या, नापामध्ये आणि लंडनमध्ये. लंडनचे स्थळ पुन्हा एक दुकानच होते. १६९८ साली स्थापन झालेली बेरी ब्रदर्स अँड रड ही पेढी. मूळची कॉफीची. तिच्या दुकानात पोती तोलण्याचा एक मोठा काटा आहे आणि १७६५ पासून त्यावर गिऱ्हाइकांना बसवून त्यांचे वजन वहीत टिपून ठेवण्याची चाल आहे. ज्या दुकानात राजेरजवाड्यांनाही काट्यावर बसावे लागे, तेथेच या वाइन पुन्हा तोलल्या गेल्या हे योग्यच झाले. निकाल काय लागला? पहिल्या पाचही जागा कॅलिफोर्नियाच्या. पहिली आली ती १९७६ मध्ये पाचवी आलेली रिज माँटे बेल्लो, १९७१ सालची. मुरण्याचा युक्तिवाद अशा रीतीने मुरल्यावरच निकालात निघाला.

आता आपल्याकडे पाहू. महाराष्ट्रात नाशिक आणि नारायणगावच्या परिसरात वाइनचा धंदा गेल्या चार दशकांत उभा राहिला. राज्य शासनाने २००१ साली द्राक्षप्रक्रिया उद्योगासाठी धोरण आखले. नाशिकजवळच्या सुला या कारखान्याने २००५ साली पाहुण्यांना वाइन चाखवण्याचे दालन उघडले आणि मग इतरांनीही तो मार्ग धरला. या उद्योगाने समाजाचे हित किती आणि अहित किती, हा वाद २०२२ साली किराणा दुकानांतून वाइन विकण्याचा निर्णय निघाला तेव्हा आपण ऐकला आहे. त्यात शिरण्याचे हे स्थळ नव्हे. आमचे म्हणणे एवढेच की चाखवण्याच्या बैठकीचे दोन प्रकार आहेत. एकीत दुकानदार बाटली उघडतो, तिची कुळकथा सांगतो, परदेशातल्या पदकांची यादी वाचतो आणि मग पेला हाती देतो. ऐकणाऱ्याची जीभ तोवर बांधली गेलेली असते. दुसरीत तो आधी पेला देतो, मग कागद, आणि नाव सर्वांत शेवटी. पहिली जाहिरात आहे. दुसरीलाच परीक्षा म्हणता येईल. नाशिकच्या वाइनला परदेशी वाइनशेजारी नाव झाकून बसवण्याचे धैर्य जे दाखवतील त्यांचाच माल पुढे टिकेल, असे आम्हांला वाटते.

प्रारंभी आम्ही विचारले होते की विकणाऱ्याने मांडलेली परीक्षा प्रामाणिक असू शकते काय. पॅरिसच्या त्या दुकानदाराची हकीकत सांगते की असू शकते. मात्र त्यासाठी त्याला संत व्हावे लागत नाही. स्पर्रिअरला स्वतःच्या दुकानाची प्रसिद्धी हवीच होती, आणि त्याची उपजीविका ज्या फ्रेंच वाइनवर चालत होती तीच जिंकेल असा त्याचा समज होता. प्रामाणिकपणा त्याच्या हेतूत नव्हता, मांडणीत होता. साध्या बाटल्या, चिठ्ठ्यांनी ठरलेला क्रम, स्वतःचे गुण बाजूला ठेवणे, मते आधी लिहून घेणे आणि लिहिलेले परत न देणे, या पाच गोष्टींनी त्याने निकालावरचा आपला हात काढून घेतला होता. निकाल त्याच्या समजाविरुद्ध गेला, त्याच्या गिऱ्हाइकांना रुचला नाही, तरीही तो त्याला लपवता आला नाही. ज्या परीक्षेचा निकाल मांडणाऱ्यालाही अडचणीत आणू शकतो, तीच परीक्षा म्हणवून घेण्यास पात्र.

हे केवळ वाइनपुरते नाही. उत्तरपत्रिकेवर नावाऐवजी क्रमांक घालून आपण हेच करतो. निविदेचे लखोटे ठरल्या वेळी, सर्वांदेखत फोडण्यामागेही हेच तत्त्व आहे. माणसाला नाव वाचता आले की त्याला बाकीचे दिसेनासे होते, ही त्याची जुनी खोड आहे आणि उपदेशाने ती जात नाही. तिला एकच इलाज आहे. नाव थोडा वेळ झाकून ठेवावे, आणि मत लिहून झाल्यावर ते उघडण्याची तयारी ठेवावी.